कोपराची वीज

स्वरूपाने केलेला पट्टा पहिल्यांदा नीट चालला तो तिच्या आईच्या कोपरावर. रविवार होता. दिघीतल्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कुसुमताई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या आणि पाच-सात वेळा हात वाकला की पट्ट्यावरचा मोहरीएवढा केशरी दिवा लुकलुकत होता. त्याला सेल नव्हता की चार्जर नव्हता.

"बंद कर की ते," कुसुमताई म्हणाल्या. "ध्यान जायलंय माझं."

"अगं, तूच लावतेयस तो. हात थांबव बघू."

कुसुमताईंनी हात थांबवला. दिवा विझला. त्यांनी पुन्हा मळायला घेतलं तसा लागला. मग पीठ बाजूला राहिलं आणि त्या नुसताच हात वाकवत, सरळ करत बसल्या. "अगं बया," म्हणाल्या, "ही माझ्या अंगातली वीज हाय?"

"तुझ्या हाताच्या जोराची."

स्वरूपा भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत होती. पॉलिमरचा डिप्लोमा करून ती तिथं लागली त्याला दोन वर्षं झाली होती. मालक जयसिंग सर मूळचे भोसरीच्याच जुन्या घरातले. वडिलांनी, अण्णासाहेबांनी, जमीन एमआयडीसीत गेल्यावर जे शेड बांधून भाड्यानं दिले त्यांतलाच एक जयसिंगनी स्वतःसाठी ठेवून घेतला होता. रबराचं शिक्षण घ्यायला ते परदेशी गेले आणि परत येऊन हेच करत बसले. एकूण माणसं पाच. कामाची वाटणी अशी नव्हतीच, जो मोकळा असेल तो करायचा.

स्वरूपाकडे पातळ रबराचं काम होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं सिलिकॉनचं रबर ओतायचं, त्यातले बुडबुडे काढायचे, भट्टीत पक्कं करायचं आणि दोन्ही अंगांना काजळीची पेस्ट लावायची. असं रबर ताणलं की आणखी पातळ होतं. त्या ताणलेल्या अवस्थेत त्यावर थोडीशी वीज ठेवायची. रबर आकसायला लागलं की तीच वीज जोर धरून परत येते, ठेवली त्याहून जास्त. दुधाला विरजण लावावं तशी सुरुवातीची चिमूटभर वीज तेवढी द्यावी लागते. पुढचं काम ताण आणि ढील करत राहतात.

हे रबर कोपरावर बांधायची कल्पना स्वरूपाची. कुसुमताई चौदा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधत होत्या. हार्नेस म्हणतात त्याला. दीडशे-दोनशे वायरी एका उभ्या फळीवर खिळ्यांमधून ओवायच्या, टेप गुंडाळायची, फळी पुढे सरकते, पुढची बाई पुढचं काम करते. संध्याकाळी त्या बसमधून उतरायच्या तेव्हा उजवं कोपर डाव्या हातात धरलेलं असायचं. डॉक्टर म्हणाले होते, मध्ये मध्ये हाताला विसावा द्या. कुसुमताई म्हणाल्या होत्या, "विसावा कवा घ्यावा ते कळाया पायजे ना. हात दुखाया लागल्यावर कळून काय उपेग?"

त्यावरून स्वरूपाला सुचलं. हात किती वाकला ते पट्ट्यानं स्वतःच्याच विजेवर मोजायचं, आणि मर्यादेबाहेर गेला की दिवा लावायचा. दिवा लागला की बाईनं दहा मिनिटं हलकं काम करायचं. जयसिंग सरांना तिनं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पट्टा बोटांत ताणत राहिले.

"सेल न्हाई म्हणजे चार्जिंगची भानगड न्हाई," ते म्हणाले. खूश झाले की त्यांच्या तोंडी घरची बोली यायची. "विसरलो, संपला, असं कोणी म्हणू शकत न्हाई. करू आपण."

पहिले पट्टे आठवड्यातच मेले. रबर टिकायचं, पण रबरातून वायर जिथं बाहेर पडते तिथंच ती तुटायची. स्वरूपानं गोंद बदलला, वायर बदलली, महिना गेला. शेवटी कुसुमताईंनी एकदा तुटलेला पट्टा हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "ताठ लावलीस की. वायरीला वळसा द्यावा लागतो, पोरी. जिथं हलतंय तिथं ढील ठेवायची. आमच्यात दाराच्या वायरीला ठेवत्येत तशी." त्यांनी शिवणाच्या डब्यातून सुई-दोरा काढला आणि वायरीचा छोटा वळसा करून कापडावर टाचून दिला. तो पट्टा तुटला नाही. नंतरचे सगळे पट्टे तसेच झाले.

चाकणच्या कारखान्यानं एका लाइनीवर पट्टे लावून बघायचं कबूल केलं. साठ बायका. निशिगंधा मॅडम म्हणून तिथल्या उत्पादन विभागाच्या प्रमुख होत्या, त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून समजावलं, पण बायका पट्टा हातात घ्यायला तयार होईनात. शालनबाई सगळ्यांत पुढे. ती मूळची खेडकडची, कुसुमताईंच्या शेजारच्याच फळीवर अकरा वर्षं उभी. दिघीला बसमध्ये चढल्या की कुसुमताई शेजारची जागा धरून ठेवायच्या आणि पुढच्या थांब्यावर ती येऊन बसायची.

"ह्ये मोजून करणार काय?" शालनबाईनं विचारलं.

"तुझ्या हाताला विसावा द्यायला हाय ते," कुसुमताई म्हणाल्या.

"आजवर कुनी दिलाय का आपल्याला विसावा? आन आता पट्टा बांधून देत्यात व्हय?"

"अगं, माझ्या स्वरूपानं केलंय. माझ्यासाठी केलंय. मी सांगते ना."

कुसुमताईंनी सगळ्यांसमोर आधी स्वतःच्या हाताला पट्टा बांधला. मग शालनबाईनं बांधला. मग बाकीच्यांनी. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ते स्वरूपाला रंगवून सांगितलं. "तुझं नाव घेतलं तवा कुठं ऐकलं त्यांनी," म्हणाल्या.

पहिले दोन महिने चांगले गेले. दिवा लागला की बाई फळीवरून बाजूला व्हायची, कनेक्टर निवडत बसायची, दुसरी तिच्या जागी यायची. कुसुमताईंनी कोपर धरून बसमधून उतरणं थांबवलं. स्वरूपाच्या मनात त्या दिवसांत इतकं समाधान होतं, की भोसरीच्या शेडमध्ये भट्टीसमोर घाम पुसतानाही ती गुणगुणायची.

तिसऱ्या महिन्यात जयसिंग सर चाकणहून आले आणि म्हणाले, "दिवा काढायचाय."

"का?"

"एकतर निम्मी वीज तोच खातो. तेवढी वाचली तर पट्ट्यातले आकडे त्यांच्या संगणकावर दर पाच मिनिटाला पाठवता येतील, आता तासाला जातात. आणि त्यांचं म्हणणं, दिवा बघून बायका काम सोडून उठतात."

"सर, त्यासाठीच तर आहे तो."

"सुपरवायझर बघेल ना आकडे. तो सांगेल कोणाला कधी बसवायचं ते." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "स्वरूपा, ही पहिली ऑर्डर आहे आपली. एका लाइनीवरून सात लाइनींवर जाणार आहेत ते."

स्वरूपानं दिवा काढला. नवं सर्किट तिनंच जुळवलं, आणि वीज खरंच वाचली. विजेचं काम चोख झालं याचा तिला त्या दिवशी थोडा आनंदही झाला, हे तिनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

मग चाकणहून दर सोमवारी एक यादी मागायला लागले. पट्ट्याचा क्रमांक आणि आठवड्यात त्यानं किती वीज केली तो आकडा. वीज जितकी जास्त तितका हात जास्त हलला. ही यादी काढायचं कामही स्वरूपाकडे आलं. एका सोमवारी निरोप आला, की यादी उतरत्या क्रमानं लावा आणि खालचे दहा लाल करा. तिला वाटलं, सदोष पट्टे शोधायचे असतील. तिनं दहा ओळी लाल केल्या आणि पाठवून दिल्या. पुढच्या सोमवारीही केल्या. त्यापुढच्याही.

एका बुधवारी कुसुमताई घरी आल्या आणि चपला काढता काढता म्हणाल्या, "मला पॅकिंगला टाकलं."

"पॅकिंगला? तुला? का?"

"दहा जणींला टाकलंय. मीटरमध्ये कमी आलाव म्हणं आम्ही. पॅकिंग ठेकेदाराकडं हाय, उद्यापासून त्याच्याकडं लागायचं. चौदा वर्षं कंपनीची होते, आता ठेकेदाराची."

"आई, तुझा पट्टा कितवा?"

"एकतीस."

स्वरूपाला यादी बघायची गरज नव्हती. एकतीस तिन्ही आठवडे सगळ्यांत खाली होता, म्हणजे सगळ्यांत कमी. तो लाल करताना तिनं मनात म्हटलंही होतं, की हा पट्टा गळका दिसतोय, परत मागवून तपासायला हवा.

पण पट्टा गळका नव्हता. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनं लाइनीवर घेतलेल्या व्हिडिओचा एक जुना तुकडा लावून बघितला, पहिल्या आठवड्यातला. नवीन पोरी वायर घ्यायला हात लांब टाकत होत्या, टेप गुंडाळताना कोपर पंखासारखं वर-खाली होत होतं. कुसुमताईंनी वायरी आधीच क्रमानं डाव्या खांद्यावर टाकून घेतल्या होत्या. कोपर बरगडीला लागलेलं. टेप मनगटातून फिरत होती. पोरींना दोनदा हात टाकावा लागायचा तिथं त्या एकदाच टाकत होत्या, आणि त्यांची फळी पुढे जाताना एकही वायर लोंबत नव्हती. चौदा वर्षांत त्यांनी हात वाचवायला शिकून घेतलं होतं. त्यांचं कसब पट्ट्याला आळस दिसत होतं.

तिनं तो तुकडा जयसिंग सरांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "पण मी काय सांगू त्यांना? आपण आकडा देतो. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं."

"मी सांगते."

ते तिला चाकणला घेऊन गेले. निशिगंधा मॅडमनी चहा मागवला, तुकडा बघितला, मध्येच थांबवून पुन्हा बघितला. त्या काही बिनडोक बाई नव्हत्या.

"मला पटतंय तुम्ही काय म्हणताय ते," त्या म्हणाल्या. "पण माझी अडचण समजून घ्या. एका हार्नेसला सहा जणींचे हात लागतात. लाइनीतून दिवसाला किती निघाले ते मला कळतं, त्यात कोणी किती केलं ते आजवर कधीच कळलं नाही. पहिल्यांदा माझ्याकडे प्रत्येकीचा आकडा आलाय. तुम्हीच आणून दिलाय. आणि आता म्हणता तो आकडा कामाचा नाही?"

"तो हात किती दमला याचा आकडा आहे, मॅडम. काम किती झालं याचा नाही."

"मग कमी दमलेल्यांना काढलं तर बिघडलं कुठे?"

जयसिंग सर हसले. स्वरूपा हसली नाही. "एकतीस नंबर तुमच्या लाइनीवरची सगळ्यांत चांगली कामगार आहे," ती म्हणाली. "चौदा वर्षांत तिचा एक हार्नेस परत आलेला नाही. तपासून बघा."

"तुम्हाला काय माहीत?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनी संगणकावर क्रमांक टाकला, नाव वाचलं, आडनाव वाचलं आणि खुर्चीला पाठ टेकली. "अच्छा," त्या म्हणाल्या. "आई आहेत का तुमच्या."

बाकीच्या नऊ जणींबद्दल स्वरूपा जे बोलली ते मॅडमनी मान हलवत ऐकलं, पण आता ते लेकीचं बोलणं झालं होतं. उठताना त्या म्हणाल्या, "त्यांना पंधरा दिवस परत लाइनीवर घेते. तुमच्यासाठी. आकडा वाढला तर राहू देत."

परतताना गाडी मोशीला आली. मग जयसिंग सर म्हणाले, "एकीचं तरी झालं."

घरी आल्यावर स्वरूपानं आईला समोर बसवलं आणि पट्ट्याला फसवायला शिकवलं. वायर घेताना हात पूर्ण सरळ कर. टेप मनगटातून फिरवू नकोस, कोपरातून फिरव. रिकामी उभी असशील तेव्हाही हात वाकवत राहा. अर्धवट वाकवलास तर मोजत नाही, पूर्ण वाकव.

"आन काम?" कुसुमताईंनी विचारलं.

"काम होईल गं."

"तसं करून होत न्हाई ते. हात लांब गेला की वायर सुटती."

"आई, पंधरा दिवस."

कुसुमताईंनी पंधरा दिवस हात पाखडले. पहिल्या आठवड्यात एकतीस यादीच्या मध्यावर आला, दुसऱ्यात वरच्या पाचांत. त्याच दुसऱ्या आठवड्यात त्यांचा एक हार्नेस तपासणीतून परत आला. एका वायरीचं टोक कनेक्टरमध्ये पुरतं बसलं नव्हतं. सुपरवायझरनं तो सगळ्यांसमोर उलगडायला लावला. पण आकडा चांगला होता, त्यामुळे पुढे कोणी काही म्हणालं नाही. उलट महिनाअखेरीला निशिगंधा मॅडमनी वरच्या पाच जणींचे फोटो कॅन्टीनच्या फळ्यावर लावले. त्यात कुसुमताईंचा होता.

बाकीच्या नऊ जणी पॅकिंगमध्येच राहिल्या. शालनबाई त्यांतली एक होती. तिचे हातही कुसुमताईंसारखेच शांत होते. अकरा वर्षं शेजारी उभी राहून तिनं कुसुमताईंचंच बघून ते उचललं होतं. फोटो लागला त्या दिवशी संध्याकाळी ती बसमध्ये चढली, कुसुमताईंनी पिशवी उचलून जागा दाखवली, आणि शालनबाई दांडी धरून उभी राहिली.

"बस की," कुसुमताई म्हणाल्या.

"न्हाय. बरी हाय मी." मग आळंदी फाट्याजवळ गाडी थांबली तेव्हा ती सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी सांगते ना, म्हणलीवतीस. ऐकलं बया तुजं. तू ऱ्हायलीस वर, आमी गेलो खाली."

कुसुमताईंनी घरी येऊन ते स्वरूपाला सांगितलं, पण रडल्या वगैरे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लाइनीवरच्या सगळ्या बायकांना पट्टा कसा फसवायचा ते दाखवलं. कुणापासून लपवलं नाही. आठवड्याभरात लाइनीवरच्या सगळ्याच जणी हात पाखडायला लागल्या. स्वरूपानं सोमवारी यादी काढली तेव्हा आकडे दीडपट झाले होते. तिला क्षणभर वाटलं, आता ही यादी कुचकामी ठरेल, आता तरी सोडतील.

निरोप आला तो वेगळाच. सरासरी वाढल्यामुळे किमान आकडाही वाढवावा, आणि त्याखालचे लाल करावेत.

स्वरूपानं ती यादी केली नाही. जयसिंग सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी हे करणार नाही. पट्टे परत मागवा."

"सात लाइनींची ऑर्डर आली काल," ते म्हणाले. "चारशे वीस पट्टे."

"सर, त्या बायका नुसतेच हात हलवतायत. कामाचं काही नाही त्यात. त्यांचे हात जातील."

"मला कळतंय." ते खरंच अवघडले होते, टेबलावरचा रबराचा तुकडा ताणत होते, सोडत होते. "पण आपण नाही दिलं तर दुसरा कोणी देईल. सेल घालून देईल."

"मग त्याला देऊ द्या. मला नाही द्यायचं."

"तू जाणार असशील तर मी अडवणार नाही," जयसिंग सर म्हणाले. "पण रबराची कृती इथं राहील, स्वरूपा. ती कंपनीची आहे."

ती गेली. कृती तिथंच राहिली, वहीत, तिच्याच अक्षरात. तिच्या जागी मैत्री नावाची मुलगी आली. हुशार होती असं ऐकलं. पट्टे एका दिवसाचाही उशीर न होता चाकणला पोहोचले.

कुसुमताई आणखी चार महिने टिकल्या. मग एका सकाळी त्यांना पाण्याचा तांब्या उचलता येईना. डॉक्टरांनी कोपर दाबून बघितलं आणि विचारलं, "इतका कशासाठी चालवलात हात?" सहा महिने उजव्या हाताला काम नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. कारखान्यानं वाट बघितली नाही. कॅन्टीनमधला फोटो काढला की तसाच राहिला, ते विचारायला कोणी गेलं नाही.

स्वरूपाला भोसरीतच दुसरीकडे काम मिळालं, पंपांची रबरी वायसरं करायचं. सकाळी निघण्याआधी ती भाकरी करून ठेवते, कपडे पिळून वाळत घालते. कुसुमताई दारात खुर्ची टाकून बसतात. साडेसहाला चाकणची बस कोपऱ्यावरून जाते. आधी आधी बायका खिडकीतून हात करायच्या.

एकदा कपडे पिळता पिळता स्वरूपानं विचारून टाकलं. "आई, तू मला कधी काही बोलली नाहीस."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"तू माझ्यासाठी केलंस ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पण दिवा काढ म्हणले तवा घरी येऊन एका शब्दानं बोलली न्हाईस. मला इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं, हे आता आपलं ऱ्हायलं न्हाई म्हणून."

स्वरूपाच्या हातात ओली साडी होती. तिचं दुसरं टोक धरायला कुसुमताईंनी डावा हात पुढे केला. तिनं टोक दिलं, आणि दोघींनी मिळून ती पिळली. डाव्या हाताला पीळ नीट बसत नव्हता, साडीतून पाणी बराच वेळ ठिबकत राहिलं.